हलगी, पेटी आणि अन्य भाषा

आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत बांधावरून धरले नसतील तेवढे अबोले टाळ्यांवरून धरले गेलेत. उपासनेत टाळ्या वाजवायच्या की नाही. प्रार्थना एकानं करायची आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, की सगळ्यांनी एकदम मोठ्यानं करायची. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पाळकांनी पुस्तकातली प्रार्थना वाचायची, की ‘येशूच्या नावात नीघ’ म्हणून रोगालाच दरडावायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कुणी न समजणाऱ्या भाषेत, म्हणजे शास्त्रातल्या ‘अन्य भाषेत’, बोलायला लागलं तर तो पवित्र आत्मा मानायचा की नाही.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावात दगडी चर्च आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. तिथं मी लग्नाआधीपासून पेटी वाजवते. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की जिनिंगच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये एक फेलोशिप भरते. माझी ताई आणि दाजी तिकडं जातात. दाजी तिथले पुढारीच आहेत म्हणा ना. दोन्हीकडची उपासना रविवारी दहालाच. आमचं पहिलं गीत संपून पाप कबुलीची प्रार्थना सुरू झाली की बरोबर त्याच वेळी शेडमधला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू होतो, आणि वारा तिकडून असला तर आमच्या पाळकांना आवाज चढवावा लागतो. ‘तुमची मंडळी मेलेली हाय,’ असं तिकडचे म्हणतात. ‘तुमच्यात नुसता आरडाओरडा,’ असं इकडचे. सोयरीक जुळवतानासुद्धा आता विचारतात, पोरगी टाळ्यावाल्यांतली का शांतवाल्यांतली?

पवित्र शास्त्र दोघांचं एकच आहे. बऱ्याचदा उघडलेलं पानही एकच असतं: करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय बारा ते चौदा. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दोन गोष्टी लागोपाठ सांगतो. अन्य भाषांत बोलायला मना करू नका, आणि सगळं शिस्तवार, व्यवस्थितपणे होऊ द्या. पहिलं वचन शेडच्या भिंतीवर फ्लेक्सवर छापलंय, दुसरं आमच्या पंचांच्या तोंडात असतं. एकोणचाळीस आणि चाळीस. दोन वचनांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही, आणि आम्ही तिथं गाव वेगळं केलं.

हे पत्र पौलानं इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं. करिंथ म्हणजे बंदराचं शहर. पैसा, गुलाम, व्यापारी, देशोदेशीचे लोक. तिथल्या मंडळीत कृपादानांवरून, म्हणजे बरं करणं, संदेश सांगणं, अन्य भाषा बोलणं अशा आत्म्यानं दिलेल्या दानांवरून, चढाओढ लागली होती, हे आपण सगळेच सांगतो. त्याच्या आधीच्या अकराव्या अध्यायाबद्दल मात्र कृपादानांवरच्या उपदेशात कुणी बोलत नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खातात त्या विधीला, ऐपतदार लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि मजुरीहून उशिरा येणारे उपाशी राहायचे, म्हणून पौल तिथं चिडलेला आहे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं तो विचारतो. त्यानंतर मग कृपादानं, एक शरीर आणि पुष्कळ अवयव, दुबळे वाटणारे अवयवच जास्त गरजेचे. त्यानंतर प्रीतीचा तेरावा अध्याय, जो आपण लग्नात वाचतो. आणि मग अन्य भाषा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मंडळीत कोण खाली बसवला जातोय, हे पौलानं आधी पाहिलं, आणि कोण कुठल्या भाषेत बोलतोय याकडं नंतर वळला. आम्ही सुरुवातच शेवटापासून करतो.

आमच्याकडचे जाणते लोक म्हणतात की ही दानं प्रेषितांच्या काळापुरती होती, नंतर बंद झाली. हा विचार जुना आहे, त्याला हलकं समजायचं कारण नाही. चौथ्या शतकातला धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोम याच अध्यायांवर उपदेश करताना म्हणतो की हा भाग समजायला फार अवघड आहे, कारण तेव्हा जे घडत होतं ते आता घडत नाही. त्याच सुमाराचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीनही आधी असंच मानायचा. उतारवयात मात्र त्यानं आपल्या आसपास, हिप्पो आणि कार्थेजमध्ये, बरे झालेल्या लोकांच्या हकिकती लिहून ठेवल्या. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचंही मत आयुष्यभर एका जागी राहिलं नाही.

‘हे सगळं अमेरिकेतलं खूळ आहे, टीव्हीवरून आलं,’ हे वाक्य मला पटत नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या, आणि पेन्टेकॉस्टल, म्हणजे अन्य भाषा आणि आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, चळवळीचा इतिहास बहुतेक लोक तिथून सांगतात. पण त्याच्या आदल्या वर्षी आपल्या केडगावात काय झालं ते पाहा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे मंडळीत विश्वासाची नवी जाग आल्याच्या, बातम्या येत होत्या, आणि १९०५ च्या जानेवारीपासून रमाबाईंनी प्रार्थनेसाठी एक गट रोज जमवायला सुरुवात केली होती. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी झोपेतून उठून मोठ्यानं रडत प्रार्थना करू लागली. तिच्या अंगावर आग दिसली म्हणून शेजारची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली आणि पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायावर शांतपणे बोलत असताना सगळ्या मुली एकदम प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

त्या बादलीपाशी मी वाचताना नेहमी थांबते. ज्या मुलींना घरच्यांनी ओझं म्हणून टाकलं, ज्यांचं रडणं ऐकायला कुणी नव्हतं, त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं तोंड उघडलं, आणि पाहणाऱ्यांना वाटलं आग लागली.

नंतर मुक्तीतही अन्य भाषा आल्या. १९०६ साली मनमाडच्या अँग्लिकन मिशनच्या मुलींमध्येही असंच घडल्याचे वृत्तांत आहेत. मनमाड म्हणजे आमच्या जालन्याच्याच लोहमार्गावरचं, आणि अँग्लिकन म्हणजे पुढं ज्या सहा मंडळ्या मिळून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यांतली एक. आमच्याच घरातली गोष्ट ही. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी या संजीवनावर लिहिलेलं छोटं पुस्तक थेट दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वाल्परायसोला पोचलं, आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये तेच सुरू झालं. केडगावच्या मुलींचं रडणं समुद्रापार गेलं, आणि दीडशे-दोनशे मैलांवरच्या आम्हांला ते परकं वाटतं.

परदेशी मिशनऱ्यांपैकी काहींना हे रडणं-ओरडणं शोभलं नाही. रमाबाईंनी त्यांना सांगितलं की भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवाजवळ येऊ द्या. पण दुसरीकडं, अन्य भाषा आली नाही म्हणजे आत्म्याचा बाप्तिस्मा झाला नाही, हा दंडकही त्यांनी मानला नाही. १९०७ मध्ये मुक्तीच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं ते साधारण असं, की आत्म्यानं भरल्याची एकच आवश्यक खूण म्हणजे प्रीती, पण म्हणून बरं करण्याचं, अन्य भाषेचं, संदेशाचं दान टाकून द्यायचं नाही. पुढं अमेरिकेतल्या मोठमोठ्या पेन्टेकॉस्टल संस्थांनी अन्य भाषा हीच पहिली खूण असं आपल्या अधिकृत शिकवणुकीत घातलं. मला विचाराल तर या वादात मी रमाबाईंच्या पदराला धरून उभी आहे. ‘सर्वच अन्य भाषा बोलतात काय?’ हा प्रश्न पौलानंच बाराव्या अध्यायात विचारून ठेवलाय, आणि उत्तर ‘नाही’ असंच आहे. शेडमध्ये माझ्या ताईला अजून अन्य भाषा आलेली नाही. ती शेवटच्या रांगेत बसते. कुणी बोलत नाही, पण तिला वाटायचं ते वाटतं.

आता आमची शांतता कुठून आली ते बघू. जालन्यात काम सुरू केलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. ब्राह्मण घरातून १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस आमच्या मातंग वाड्यांमध्ये येऊन बसला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. आमच्या घराण्याची मुळं बेथेलकडं जातात असं आजोबा सांगायचे. शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या मंडळीत उपासनेला वाद्य म्हणून काही नसायचं, नुसत्या गळ्यानं स्तोत्रं म्हणायची. देवळात ऑर्गन आणावा का यावरून स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि फ्री चर्चनं वाद्याला परवानगी दिली ती १८८३ मध्ये. म्हणजे बेथेल वसलं तेव्हा मी वाजवते ती पेटीसुद्धा आमच्या आईमंडळीत चालली नसती. मग इकडं अभंग आले, ओव्या आल्या, नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) गीतं आली, टाळ आले, कीर्तनं आली. आज आमच्याकडचे ज्येष्ठ ज्याला ‘आपली जुनी पद्धत’ म्हणतात, ती एके काळच्या नव्यातूनच जमत आलेली आहे.

दाजी मला औंढ्याची कथा ऐकवतात. नामदेव इथलेच, नरसीचे. औंढा नागनाथाच्या दारात त्यांचं कीर्तन चाललं होतं, पुजाऱ्यांनी मागं हाकललं, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरलं. ‘आपल्या मातीत मोठ्यानं गाणं कधी पाप नव्हतं,’ दाजी म्हणतात. खरं आहे. पण आमच्या घरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती ना करिंथात सापडते ना स्कॉटलंडात.

माझी आजी कळंबकडची. तिच्या आईला येरमाळ्याच्या येडाईचं अंगात यायचं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत तर यायचंच, एरवी मंगळवारी-शुक्रवारी घरीही. केस मोकळे, कपाळभर मळवट, अंग घुमतंय आणि समोर गाव हात जोडून बसलंय. पाऊस कधी पडंल, गाय का आटली, लेकीच्या पोटी का काही राहत नाही. आजी तेव्हा लहान, आईच्या लुगड्याला धरून बसलेली. ती आम्हांला सांगायची, ‘अंगात असली की पाटलीणबाईबी पाया पडायची. उतरलं की तीच पाटलीणबाई वरून पाणी वतायची, ओंजळीत.’ हे सांगताना आजी दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवायची आणि मान मागं घ्यायची, शिंतोडे उडू नयेत तशी. तिच्या आईला माणूस म्हणून कुणी पाहिलंच नाही. एक तर देवी, नाहीतर विटाळ.

लग्न होऊन आजी ख्रिस्ती घरात आली, आणि पुढं तिची आईही म्हातारपणी तिच्याजवळ येऊन राहिली, बाप्तिस्मा घेतला. दगडी चर्चच्या बाकावर ती म्हातारी पदर डोक्यावर घेऊन नुसती बसायची. अंगात काही येत नाही, कुणी काही विचारत नाही, घुमायचं नाही, थरथरायचं नाही. पाळक तिच्या हातात भाकर द्यायचे, हातावर, वरून टाकायचे नाहीत. आजी म्हणायची, ‘तिथं माझ्या आईला काही व्हावं लागत नव्हतं. नुसतं बसलं तरी चालायचं.’

शेडमध्ये पहिल्यांदा मोठी सभा झाली तेव्हा ताई आजीला घेऊन गेली होती. पुढं बायका डोलायला लागल्या, एकीचे केस सुटले, ती खाली पडली आणि भोवती लोक हात वर करून ‘हालेलुया’ म्हणायला लागले. आजी उठली आणि काठी टेकत बाहेर आली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘ह्याच्यातूनच तर काढलं होतं आपल्याला देवानं.’

म्हणून ‘शांतवाल्यांना आत्मा नाही’ असं कुणी म्हटलं की मला आजीची ती आई दिसते, बाकावर बसलेली. तिची शांतता मेलेली नव्हती. ती तिला मिळालेली पहिली मोकळीक होती.

दाजींशी मी यावर खूप बोलले आहे, आणि त्यांचं उत्तर टाकाऊ नाही. ते चौदाव्या अध्यायातलं बत्तिसावं वचन काढतात. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. ‘अंगात आल्यावर माणूस आपल्या हातात राहत नाही. पवित्र आत्मा आला तर राहतो. थांब म्हटलं की थांबता आलं पाहिजे.’ पौलही तेच धरून बोलतो. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्यानं मंडळीत गप्प राहावं, असं तो सांगतो, आणि गप्प राहणं शक्य असल्याशिवाय कुणी तसं सांगणार नाही. मूर्तींमागं तुम्ही जसे नेले जाल तसे जात होता, ही आठवणही तो त्यांना आधीच देतो. त्यामुळं जिथं पुढारी माईकवरून ओरडून-ओरडून बायकांना पडेपर्यंत नेतात, तिथं आजीची भीती खरी ठरते. जिथं माणूस आपल्या मर्जीनं रडतो, उठतो, डोळे पुसतो आणि मुलाला भूक लागली म्हणून मध्येच बाहेर जातो, तिथं मला काही वावगं वाटत नाही.

हलगीचंही असंच. आमच्या माणसांनी हलगी वाजवली ती हौसेनं नव्हे. लग्न असो, मयत असो, पोळा असो, सांगावा आला की जायचं, उन्हात मिरवणुकीच्या पुढं चालायचं, आणि जेवणं आटोपल्यावर उरलंसुरलं घेऊन परत यायचं. आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्म्यानंतर हलगीला हात लावला नाही. मार खाल्ला, पण वाजवायला गेले नाहीत. आजोबा पंच असताना कुणीतरी नाताळाला हलगी आणायचा विषय काढला तर ते मीटिंगमधून उठून गेले होते. त्यांच्या लेखी चर्चची भिंत म्हणजे हलगीचा आवाज जिथं येत नाही अशी जागा.

आणि आता माझा भाचा, ताईचा मुलगा, शेडमध्ये हलगी वाजवतो. उपासनेआधी तो मागं जाऊन थोडं पाचट पेटवतो आणि त्यावर हलगी फिरवत शेकतो. चामडं ताणलं की बोटानं टिचकी मारून आवाज बघतो, पुन्हा शेकतो. एक काडी आखूड, एक लांब आणि बारीक. हे त्याला कुणी घरात शिकवलं नाही, आमच्यात शिकवणारं कुणी उरलंच नव्हतं. मोबाईलवर पाहून आणि गावातल्या बँडवाल्यांकडं जाऊन तो शिकला. मी त्याला पणजोबांची गोष्ट सांगितली. त्यानं ती नीट ऐकली. म्हणाला, ‘मावशी, ते दुसऱ्याच्या दारात वाजवायला नाही म्हणले ते बरोबरच. पण वाद्य तर आपलंच हाय ना? मग ते कशाला त्यांच्यापाशी ठिवायचं?’

आजोबांचा नकार आणि भाच्याचं वाजवणं, या दोन्हींत मला एकच अभिमान दिसतो. आजीच्या आईला गप्प बसण्यात सुटका मिळाली, आणि आज कुणाला तरी मोठ्यानं रडण्यात मिळते. आमचा वाद आवडीनिवडीचा नाही, आणि एका वचनाचाही नाही. देवानं कुणाला कशातून सोडवलं, ते प्रत्येकजण अंगावर घेऊन उपासनेला येतो. त्याला ती सुटकाच उपासना वाटते, आणि दुसऱ्याची उपासना परत बांधून घेतल्यासारखी वाटते.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आधी शेडमध्ये रात्रभर प्रार्थना असते. ताईच्या आग्रहानं मी गेले होते. माझ्या शेजारी एक तिशीची बाई बसली होती, कडेवरचं पोर झोपलेलं. सगळे एकदम प्रार्थना करत होते, त्यामुळं तिला वाटत होतं की तिचं कुणी ऐकत नाही. मी ऐकत होते. मुकादमाची उचल या साली फिटू दे. मागच्या साली खाडा पडला त्याचे पैसे कापले, ते कापू नको म्हणावं. थोरली वयात आलीय, तिला फडात नेऊ का इथं कुणापाशी ठिवू. पोटात दुखतंय, डाक्टर पिशवी काढ म्हणतोय. मग शब्द संपले, आणि ती जे बोलायला लागली ते मराठी नव्हतं, मला माहीत असलेली कुठलीच भाषा नव्हती. पुढं बराच वेळ ती तसंच बोलत राहिली, पोराच्या पाठीवर थोपटत.

बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यावरून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण पेपरात वाचलं. त्या आकड्यांतली कुणी बाई आपल्या मंडळीत रविवारी बसत असेल का, हे आम्ही दगडी चर्चमध्ये कधी विचारलं नाही. आमच्या छापील मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘आजारी, पीडित व कष्टी’ सगळे येतात. ती प्रार्थना सुंदर आहे, मी ती मनापासून म्हणते. त्या बाईसाठीही ती होते. पण त्या प्रार्थनेत तिला स्वतःला बोलायला जागा नाही. तिच्या अन्य भाषेचं भाषाशास्त्र काय असेल ते असो. पौल म्हणतो की अशा वेळी माणूस देवाशी बोलतो. त्या रात्री मला ते वाक्य खरं वाटलं.

एवढं सगळं मान्य करूनही एका ठिकाणी मी एक पाऊल मागं सरकणार नाही. माझ्या आत्याला साखरेचा आजार होता, इन्सुलिन चालू होतं. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकानं भर सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरी झालीस, आता सुई घेणं म्हणजे अविश्वास. आत्यानं सुई बंद केली. तिला किती आनंद झाला होता! घरोघर जाऊन साक्ष सांगत होती. पायाला झालेली जखम तिनं कुणाला दाखवली नाही, कारण दाखवली तर साक्ष खोटी ठरली असती. शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्या उपदेशकाचा फोनवरून निरोप आला की विश्वास कमी पडला. मी याला कृपादान म्हणणार नाही. हे अकराव्या अध्यायातलंच पाप आहे, ज्याच्याजवळ काही नाही त्याला भर मंडळीत लाजवणं.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण ज्या पौलाच्या नावानं हे लोक हात ठेवतात, त्यानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं आणि तसं स्वच्छ लिहिलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. त्याच्याबरोबर लूक होता, त्याला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. जालन्यात मिशननं दवाखाना उभा केला तेव्हा तिथल्या नर्सबाई प्रार्थना करून मलमपट्टी करत, मलमपट्टी सोडून नव्हे. संदेश आला तर बाकीच्यांनी तो पारखावा, असं त्याच चौदाव्या अध्यायातलं एकोणतिसावं वचन आहे. शेडमध्ये पारखणारं कुणी नाही, कारण विचारलं की ‘आत्म्याला विरोध’ म्हणतात. वरून ‘बीज पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणून रोजंदारीवाल्या बाईकडून पाचशेची नोट काढायची. यावर जास्त लिहीत नाही. ते चूक आहे आणि करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

यंदा दोन्ही मंडळ्यांच्या तरुणांनी पुढाकार घेऊन नाताळाची एक उपासना एकत्र करायचं ठरवलंय, दगडी चर्चमध्ये. आमच्या पंचांची मीटिंग झाली, तिकडून दाजी आणि अजून दोघे आले. हलगीचा विषय निघाल्यावर माझ्या वडिलांनी आजोबांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, आणि भाच्याला विचारलं, ‘बाळा, हे समजून वाजवणार ना?’ तो हो म्हणाला. मिरवणुकीत नाही, वेदीजवळ बसून वाजवायची असं ठरलं. टाळ्या ज्याला वाजवायच्या त्यानं वाजवाव्यात. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकांनी थोडा वेळ थांबायचं आणि लोकांनी आपापल्या तोंडानं, ज्या आवाजात हवं त्या आवाजात मागायचं, आणि टोळीवर गेलेल्यांची नावं घ्यायची.

‘आणि कुणी अन्य भाषेत बोललं तर?’ आमच्या खजिनदारांनी विचारलं. दाजींनीच उत्तर दिलं. दोघं, फार तर तिघं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा असला तर. नसला तर मनातल्या मनात. पुस्तकात आहे तसंच.

मग मी इन्सुलिनचं बोलले. म्हटलं, त्या दिवशी कुणी आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तर शेवटी एवढं एक वाक्य माईकवर सांगायचं, की गोळ्या-इंजेक्शन चालू ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. दाजी बराच वेळ गप्प राहिले. आत्याला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं, त्यांच्याच गाडीतून. ‘मला चालंल. पण आमच्यात विचारावं लागंल,’ ते म्हणाले. ते विचारणं अजून चाललंय. पुढच्या बुधवारी मी परत त्यांच्याकडं जाणार आहे.